माप एक, मापारी अनेक

जुन्या बाजारपेठा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना माप आणि मापारी यांचा संबंध किती नाजूक असतो हे सांगावयास नको. गोमंतकात धान्य खंडी-कुडवांनी मोजले जाई, घाटावर ते पायली-शेरांनी. आणि एकाच नावाचे माप दहा कोसांवर गेले की निराळ्याच आकाराचे भरे. भारतात १९५६ च्या कायद्याने दशमान मापांचा पाया घातला आणि तो गोंधळ आस्ते आस्ते मावळला. परंतु पुरती चाळीस वर्षे लोटतात न लोटतात तोच, अगदी त्याच जातीचा गोंधळ एका नव्या क्षेत्रात उपजला. हे क्षेत्र म्हणजे संगणकाचा पडदा. तेथील मापे म्हणजे 'एम', 'ई-एक्स', टक्का, पिक्सेल आणि पुढे आलेली त्यांची भावंडे. आणि तेथील मापारी म्हणजे ब्राउझर, अर्थात महाजालावरील पाने आपल्यासमोर मांडणारे कार्यक्रम. मापाची व्याख्या सर्वांसाठी एकच लिहिलेली होती. मोजणारे मात्र ज्याच्या त्याच्या पद्धतीने मोजीत होते. या मतभेदाचा इतिहास लहान आहे, जेमतेम तीस वर्षांचा. परंतु त्याच्या पोटात एक मोठा प्रश्न दडलेला आहे : पानावरील अक्षर केवढे दिसावे हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, लिहिणाऱ्याचा की वाचणाऱ्याचा?

या मापांपैकी ज्येष्ठ ते 'एम'. खिळे जुळविण्याचे छापखाने ज्यांनी पाहिले आहेत त्यांच्या कानांवरून हा शब्द गेलेलाच असेल. शिशाच्या खिळ्याच्या अंगाची जी उंची, तेवढ्याच रुंदीचा चौरस म्हणजे त्या टंकाचा एक एम. बारा पॉइंटांच्या टंकाचा एम बारा पॉइंटांचा, आठ पॉइंटांच्या टंकाचा आठांचा. नाव रोमन लिपीतील मोठ्या 'एम' या अक्षरावरून पडले खरे, पण बहुतेक टंकांत ते अक्षर या चौरसाहून अरुंदच असते. ज्याच्या आधारे एम मोजावयाचा तो पॉइंट हाही काही अनादि नव्हे. पॅरिसमधील फूर्निये याने १७३७ साली त्याची पद्धतशीर मांडणी केली, त्याच शतकात पुढे दिदो याने ती सुधारली आणि अमेरिकेतील टंक ओतणाऱ्यांनी १८८६ साली आपला वेगळा पॉइंट ठरविला. (गोव्यात पहिला छापखाना १५५६ साली आला, तेव्हा यांपैकी एकही माप जन्माला आलेले नव्हते, प्रत्येक छापखाना आपापल्या ओतशाळेचे माप तेच जगाचे माप मानून चालत असे.)

एमचा खरा गुण असा की, ते स्वतःहून काहीच सांगत नाही. एक एम म्हणजे किती, असे विचारले तर 'कोणत्या टंकाचा?' हा उलट प्रश्न येतो. शिशाच्या काळी हा प्रश्न जुळाऱ्याने एकदा सोडविला की कायमचा सुटे. छापलेली ओळ वाचकाच्या घरी जाऊन आकसत किंवा फुगत नसे. महाजालाच्या पानाचे तसे नाही. ते प्रत्येक वाचकाच्या दारी नव्याने जुळविले जाते, आणि तेथला जुळारी कोण असेल याची लिहिणाऱ्यास कल्पना नसते.

महाजालाचा जन्म जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या अणुसंशोधन संस्थेत झाला. टिम बर्नर्स-ली यांच्या आरंभीच्या कल्पनेत पानाचा मजकूर आणि त्याची रचना एवढेच लेखकाने सांगावयाचे होते. अक्षराचे रूप वाचकाच्या यंत्राकडे सोपविलेले होते. शास्त्रज्ञांना ते पुरेसे वाटले, पण नियतकालिके आणि दुकाने महाजालावर येऊ लागली तेव्हा त्यांना आपापल्या पानाला आपापला चेहरा हवा झाला. १० ऑक्टोबर १९९४ रोजी, त्या वेळी सर्न येथेच काम करणारे नॉर्वेचे हॉकोन व्हिउम ली यांनी शैलीपत्रकाची एक योजना मांडली. त्या आराखड्यातील एक कल्पना आज विस्मृतीत गेली आहे, परंतु मला ती फार बोलकी वाटते. लेखकाने एखाद्या मथळ्याचा आकार मागावयाचा तो टक्केवारीसह : 'मला हा आकार हवा, आणि त्यावर माझा आग्रह चाळीस टक्के.' उरलेला अधिकार वाचकाकडे राही. ही टक्केवारी व्यवहारात टिकली नाही. पण लेखकाची इच्छा आणि वाचकाची इच्छा एकाखाली एक झिरपत यावी आणि त्यांतून तडजोड निघावी, हा विचार टिकला. या पद्धतीच्या 'कॅस्केडिंग स्टाइल शीट्स', संक्षेपाने 'सीएसएस', या नावातील पहिला शब्द त्या झिरपण्याचाच वाचक आहे. पुढे नेदरलँडचे बर्ट बॉस ली यांना येऊन मिळाले आणि १७ डिसेंबर १९९६ रोजी सीएसएसची पहिली पायरी महाजाल-संघाने प्रमाण म्हणून जाहीर केली.

त्या दस्तऐवजात लांबीच्या मापांचे दोन वर्ग केलेले होते. इंच, सेंटिमीटर, पॉइंट वगैरे निरपेक्ष. आणि एम, ई-एक्स व पिक्सेल ही सापेक्ष. टक्का त्यांच्या शेजारीच, पण वेगळा. ई-एक्स म्हणजे त्या टंकातील लहान 'एक्स' अक्षराची उंची. पिक्सेल सापेक्ष का, असे आजच्या वाचकास वाटेल. कर्त्यांच्या मते निरनिराळ्या पडद्यांचे ठिपके निरनिराळ्या आकाराचे असल्यामुळे पिक्सेल हे पडद्याशी सापेक्ष होते. आणि ते फार भरकटू नये म्हणून एक आदर्श पिक्सेलही सुचविलेला होता. इंचाला ९० ठिपके असलेला पडदा हाताच्या अंतरावर, म्हणजे सुमारे २८ इंचांवर, धरला असता एक ठिपका डोळ्याशी जेवढा कोन करील तेवढा हा पिक्सेल. मोजण्याची सुरुवात यंत्रापासून न करता माणसाच्या डोळ्यापासून आणि हातापासून केली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आता मापाऱ्यांकडे वळू. मायक्रोसॉफ्ट कंपनीचा 'इंटरनेट एक्सप्लोरर'चा तिसरा अवतार ऑगस्ट १९९६ मध्ये, म्हणजे प्रमाण जाहीर होण्याच्या चार महिने आधीच, बाहेर पडला. शैलीपत्रके समजणारा तो पहिला व्यापारी ब्राउझर. घाईचे परिणाम त्यात सर्वत्र दिसत, पण एमच्या बाबतीत जे घडले ते केवळ अजब होते. या ब्राउझराने एम म्हणजे पिक्सेल असे धरले! परिच्छेदाला दोन एमांचा समास सोडा, म्हणजे दोन अक्षरांएवढी मोकळी जागा सोडा, असे लेखकाने सांगावे आणि पडद्यावर दोन ठिपक्यांची, डोळ्यांना न दिसणारी फट पडावी. तेवढ्यावर निभावले असते तर ठीक होते. मथळा भोवतालच्या मजकुराच्या सव्वापट व्हावा म्हणून कोणी '१.२५ एम' लिहिले की त्या मथळ्याची मुंगी होऊन जाई. सव्वा पिक्सेल उंचीचे अक्षर म्हणजे अक्षर नव्हेच, धूळ. ब्राउझराच्या कर्त्यांना सर्वस्वी दोष देणे उचित होणार नाही, कारण प्रमाणाची शाई त्या वेळी वाळलेली नव्हती. परंतु परिणाम दूरवर गेला. ज्याने एकदा एम वापरून आपले पान वाचकांच्या यंत्रावर नाहीसे झालेले पाहिले, तो पुन्हा त्या वाटेला जाण्यास धजेना.

नेटस्केप कंपनीचे दुखणे वेगळे होते. तिने शैलींसाठी आपली स्वतःची एक पद्धत रचली होती आणि ती जावास्क्रिप्ट या भाषेवर उभी होती. १९९७ च्या चौथ्या नेटस्केपमध्ये सीएसएस ऐन वेळी बसविण्यात आले ते त्या जुन्या पद्धतीच्या खांद्यावर. त्यामुळे वाचकाने जावास्क्रिप्ट बंद केले की शैलीपत्रकही बंद पडे, आणि खिडकीचा आकार बदलला की सारी मांडणी कोलमडे. सापेक्ष मापाला सर्वांत घातक दोष याहून साधा होता. बाहेरच्या घटकाचा अक्षर-आकार आतल्या कोष्टकापर्यंत पोहोचत नसे. सापेक्ष मापाचा सारा व्यवहार वारसा-परंपरेवर चालतो : मुलाने बापाकडे पाहून आपला आकार ठरवावयाचा. मध्येच वंशावळ तुटली की पुढची सर्व गणिते चुकणारच. आणि त्या काळची बहुतेक पाने कोष्टकांतच मांडलेली असत.

मग लोकांनी पॉइंटाचा आसरा घेतला. पॉइंट निरपेक्ष, छापखान्यातून आलेला, घरचा वाटणारा. पण १९८४ च्या मॅकिंटॉश यंत्राने इंचाला ७२ ठिपके धरले होते, आणि विंडोजने ९६. बारा पॉइंट म्हणजे मॅकिंटॉशवर बारा पिक्सेल, विंडोजवर सोळा. विंडोजवर बसून कोणी नऊ पॉइंट लिहिले तर त्याला बारा पिक्सेलांचे, बारीक पण वाचता येण्याजोगे अक्षर दिसे. तेच पान मॅकिंटॉशवर नऊ पिक्सेलांचे होई, आणि वाचकाला भिंगाची आठवण होई. अशा रीतीने निरपेक्ष म्हणविणारे माप सापेक्षाहून अधिक लहरी ठरले. मार्च २००० मध्ये मॅकिंटॉशसाठी इंटरनेट एक्सप्लोररची पाचवी आवृत्ती आली. तांतेक चेलिक यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या या ब्राउझराने मूळ अक्षर सोळा पिक्सेलांचे आणि इंच ९६ पिक्सेलांचा धरून हा दुभंग पुष्कळसा मिटविला. त्याच ब्राउझरात वाचकाला कोणतेही अक्षर, मग ते कोणत्याही मापाने लिहिलेले असो, मोठे करून घेण्याची सोय होती. पुढे २०११ साली सीएसएस २.१ प्रमाण झाले तेव्हा व्याख्याच बदलली : एक इंच म्हणजे ९६ पिक्सेल हे समीकरण ठाम झाले आणि पिक्सेल सापेक्षांच्या पंगतीतून उठून निरपेक्षांच्या पंगतीत जाऊन बसला. बिचाऱ्या इंचाने मात्र पडद्यापुरता आपला इंचपणा सोडून दिला. आज पडद्यावरील सीएसएसचा इंच मोजपट्टीशी जुळेलच असे नाही.

या सर्व गोंधळात पिक्सेल तेवढा सगळीकडे बहुतांशी सारखा दिसे. म्हणून शतक संपता संपता जेफ्री झेल्डमन यांच्यासारख्या, प्रमाणांचा हिरीरीने पुरस्कार करणाऱ्या माणसालाही लेखकांना पिक्सेलच वापरण्याचा सल्ला देणे भाग पडले. सल्ला व्यवहाराला धरून होता. पण त्याची किंमत वाचकाने भरली. विंडोजवरील इंटरनेट एक्सप्लोररमध्ये अक्षर लहान-मोठे करण्याची एक यादी होती. ती सहाव्या आवृत्तीपर्यंत पिक्सेलात लिहिलेल्या अक्षराला हात लावीत नसे. जगातील बहुसंख्य वाचक त्या वेळी हाच ब्राउझर वापरीत. म्हणजे पन्नाशी उलटलेल्या माणसाने 'सर्वांत मोठे' हा पर्याय निवडावा आणि पडद्यावर काहीही घडू नये. २००६ सालच्या सातव्या आवृत्तीत संपूर्ण पान मोठे करण्याची युक्ती आली तेव्हा कोठे या अडचणीला तोड निघाली. ली यांच्या १९९४ च्या योजनेतील चाळीस टक्क्यांचा आग्रह मधल्या काळात असा शंभर टक्क्यांचा होऊन बसला होता, आणि तो कोणी ठरवून केलेला नव्हता. मापाऱ्यांच्या चुकांमुळे लोक एका मापाकडून दुसऱ्याकडे ढकलले गेले, एवढेच.

ज्यांनी चिकाटीने एम धरून ठेवला, त्यांना नवनव्या खोडी आढळत गेल्या. सहाव्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये पानाचा मूळ आकार एममध्ये दिला तर वाचकाने अक्षर एक पायरी लहान केले की ते एकदम दोन-तीन पायऱ्या खाली कोसळे आणि मोठे केले की भलतेच फुगे; आरंभी 'शंभर टक्के' असा निरर्थक भासणारा शब्द लिहिला की तो ताळ्यावर येई. एमचा एक स्वभावदोष मात्र कोणत्याही ब्राउझराच्या माथी मारता येणार नाही. यादीला ०.८ एम आकार दिला आणि यादीत उपयादी, तिच्यातही उपयादी आली, तर सोळा पिक्सेलांचे अक्षर अनुक्रमे १२.८, १०.२४ आणि ८.१९२ पिक्सेलांवर येते. नातवंडापर्यंत पोहोचेतो वारसा निम्म्यावर! रिचर्ड रटर यांनी २००४ साली एक हिशेबी तोडगा प्रसृत केला : मूळ आकार ६२.५ टक्के करावा, म्हणजे सोळाचे दहा होतात आणि पुढची गणिते तोंडी करता येतात. ही युक्ती जगभर पसरली. पण चिनी भाषेच्या वाचकांसाठी क्रोम ब्राउझराने बारा पिक्सेलांहून लहान अक्षर नाकारण्याचा नियम ठेवला होता. तेथे दहाचे बारा होत आणि त्या पायावर रचलेले सारे पान पाचव्या हिश्शाने सुजे. किचकट चिनी अक्षर दहा पिक्सेलांत वाचता येत नाही, हे त्या नियमामागचे कारण अगदी रास्त होते. येथे मापाऱ्याने वाचकाची बाजू घेतली, आणि लेखकाचे गणित मोडले.

निवाडा कसा करावयाचा, हा प्रश्न अर्थातच उभा राहिला. एरिक मेयर यांनी कोणता ब्राउझर कोणता नियम पाळतो याचे तक्ते चिकाटीने तयार केले, आणि टॉड फार्नर यांनी १९९८ साली एक कसोटीचे पान रचले. सोने पारखण्याच्या आम्लावरून त्याला 'ॲसिड टेस्ट' म्हणू लागले. त्या पानातील एक आकडा पाहण्यासारखा आहे. ४७ एम रुंदीच्या चौकटीत एका पेटीची रुंदी १०.६३८ टक्के दिलेली होती. दहा पिक्सेलांचा एम धरला तर उत्तर येते ४९.९९८६ पिक्सेल, अपेक्षित उत्तर ५०. जो ब्राउझर अपूर्णांक सरळ कापून टाकील तो ४९ वर थांबणार, आणि शेजारच्या पेटीशी त्याची रेषा जुळणार नाही.

अपूर्णांकाचे काय करावयाचे, हा या इतिहासातील सर्वांत जिवंत प्रश्न मला वाटतो, कारण येथे कोणाचीच चूक नाही आणि तरी सर्वांचे उत्तर निराळे आहे. पडद्याचा ठिपका अर्धा करता येत नाही. जॉन रेझिग यांनी २००८ साली एक साधा प्रयोग दाखविला. पन्नास पिक्सेलांच्या चौकटीत पंचवीस-पंचवीस टक्क्यांच्या चार पेट्या ठेवावयाच्या. प्रत्येकीच्या वाट्याला साडेबारा. सफारी आणि ऑपेरा या ब्राउझरांनी प्रत्येकीला बारा दिले. चाराचे अठ्ठेचाळीस झाले आणि कडेला दोन पिक्सेलांची रिकामी पट्टी राहिली. फायरफॉक्सने कोणाला बारा, कोणाला तेरा देऊन पन्नासांचा मेळ बसविला. इंटरनेट एक्सप्लोररने उदार होऊन सर्वांना तेरा-तेरा दिले. बेरीज बावन्न झाली, आणि चौथी पेटी जागा न मिळाल्याने खालच्या ओळीत जाऊन पडली. वाटणीतले हे तीन न्याय आपल्या घराघरांत चालत आलेलेच आहेत : पहिला थोडे राखून ठेवणाऱ्या काटकसरीचा, दुसरा डावे-उजवे करून का होईना हिशेब पुरा करणाराचा, आणि तिसरा ऐपतीबाहेर वाटणाराचा.

या प्रश्नाला लौकरच धार आली. ईथन मार्कोट यांनी मे २०१० मध्ये 'प्रतिसादी' मांडणीची कल्पना मांडली, तिचे सूत्र होते : इष्ट रुंदी भागिले भोवतालची रुंदी. ९६० पिक्सेलांत २०० पिक्सेलांचा स्तंभ म्हणजे २०.८३३३३ टक्के, आणि ते तीन कितीही लांबवावे. असे न संपणारे अपूर्णांक जगभरच्या पानांत शिरले. तेव्हा ब्राउझरांनी पूर्ण पिक्सेलांत मोजण्याचे सोडून आत बारीक नाणे वापरण्यास आरंभ केला. फायरफॉक्स २००८ पासूनच एका पिक्सेलाचे साठ भाग करीत होता. क्रोम आणि सफारी यांच्या वंशाने चौसष्ट भाग पसंत केले, इंटरनेट एक्सप्लोररच्या पुढील आवृत्त्यांनी शंभर. साठाला दोन, तीन, चार, पाच, सहा या सर्वांनी भाग जातो, हे प्राचीन बाबिलोनच्या ज्योतिषांनाही ठाऊक होते. चौसष्ट हा दोनांचा घात असल्याने यंत्राला सोपा. शंभर माणसाला सोपा. शंभर पिक्सेलांचा तिसरा हिस्सा साठांच्या नाण्यात अचूक निघतो, चौसष्टांच्या नाण्यात तो ३३.३२८१२५ भरतो आणि शंभरांच्या नाण्यात ३३.३३. फरक केसाएवढा. तो बहुधा डोळ्यांना दिसत नाही. पण वीस-पंचवीस स्तंभ ओळीने मांडले की शेवटच्या स्तंभाच्या कडेला एखादी पांढरी रेघ उमटते आणि ती का उमटली हे लेखकाला कळत नाही.

'रेम' या मापाबद्दल थोडक्यात सांगणे पुरे आहे. जवळच्या बापाकडे न पाहता थेट मूळ पुरुषाकडे, म्हणजे पानाच्या मुळाशी असलेल्या आकाराकडे, पाहणारा हा एम. वारशाची झीज त्याने थांबविली. २०१० च्या सुमारास फायरफॉक्स, सफारी आणि क्रोम त्याला ओळखू लागले. इंटरनेट एक्सप्लोररच्या नवव्या-दहाव्या आवृत्त्या ओळखीत, पण टंकाची सर्व माहिती एका दमात सांगणाऱ्या नियमात तो आला तर ओळख विसरत. आज हे माप सर्वत्र रुळले आहे.

यानंतरचा कलह भ्रमणध्वनीच्या पडद्यावर झाला. पडद्याच्या उंचीचा शंभरावा हिस्सा म्हणजे एक 'व्हीएच', अशी नवी व्याख्या आली. व्याख्या निःसंदिग्ध वाटते. परंतु पडद्याची उंची म्हणजे कोणती? आयफोनवर वाचक पान वर सरकवू लागला की सफारीची पत्त्याची पट्टी आक्रसते आणि पानाला अधिक जागा मिळते. उलट सरकविले की पट्टी परत येते. म्हणजे खोलीची उंचीच बदलती, आणि भिंतीला रंग मात्र 'छतापर्यंत' द्यावयाचा! सफारीने पट्टी आक्रसलेली असतानाची मोठी उंची प्रमाण धरली. त्यामुळे शंभर व्हीएच उंचीचे पान उघडताच त्याचा तळ पट्टीच्या मागे जाई, आणि तळाशी असलेले 'पुढे चला'चे बटण पुष्कळांना सापडत नसे. हा दोष आहे की काय, अशी विचारणा झाली तेव्हा, २०१५ साली, सफारीच्या अभियंत्यांपैकी बेंजामिन पूलँ यांनी तो दोष नसून जाणूनबुजून केलेली निवड असल्याचे सांगितले. पट्टी हलेल तसतशी उंची बदलू दिली तर वाचक वाचीत असतानाच सारा मजकूर नाचू लागेल, आणि तशी मांडणी वेगाने पुनःपुन्हा करणे यंत्रालाही जड जाईल, हे त्यांचे कारण. अँड्रॉइडवरील क्रोम तोवर दुसऱ्या मार्गाने जात होता आणि त्याच्या पानांना ते नाचणे भोवत होते; जानेवारी २०१७ च्या ५६ व्या आवृत्तीत त्यानेही सफारीची रीत स्वीकारली. अखेरीस प्रमाणकर्त्यांनी मान्य केले की एका शब्दात तीन अर्थ कोंबले गेले आहेत. लहान उंची, मोठी उंची आणि क्षणोक्षणी बदलती उंची अशी तीन स्वतंत्र मापे ठरली. ती २०२२ साली, मार्चमध्ये सफारीत, मेमध्ये फायरफॉक्समध्ये आणि नोव्हेंबरमध्ये क्रोममध्ये आली. त्याच वर्षी ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला या प्रतिस्पर्ध्यांनी एकाच कसोट्यांवर आपापले ब्राउझर घासून पाहण्याचा जो संयुक्त उपक्रम चालविला, त्यात पडद्याशी सापेक्ष असलेली मापे हा एक विषय होता. ज्या कंपन्यांनी १९९६-९७ मध्ये एकमेकींच्या आधी बाजारात पोहोचण्यासाठी अर्धी कच्ची मापे विकली, त्यांच्यापैकी एक आणि दुसरीची वारसदार या पंगतीत होत्या, हे नमूद करावयास हवे.

आता जो भाग हेतुपुरस्सर मागे ठेवला होता, त्याकडे येतो. तो आपल्या लिपीचा आहे. ई-एक्स हे माप लहान रोमन 'एक्स'च्या उंचीवर उभे आहे. देवनागरीला लहान-मोठी अक्षरे नाहीत. तिचे अक्षर शिरोरेखेला टांगलेले असते, वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार असा त्याचा संसार. 'एक्स'ची उंची तिच्या कोणत्या भागाला लावावी? टंकातून ती उंची काढता येत नसेल तर अर्धा एम धरावा, अशी पळवाट प्रमाणानेच ठेवली होती, आणि कित्येक जुन्या ब्राउझरांनी रोमन टंकांनाही सरसकट तीच लावली. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या मराठी संकेतस्थळांवर तर याहून मौजेची स्थिती होती. त्या काळच्या टंकांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांचे तुकडे बसविलेले असत. एखाद्या प्रामाणिक ब्राउझराने खरोखर 'एक्स' मोजावयास घेतला असता तर त्याच्या हाती एखाद्या व्यंजनाचा किंवा जोडाक्षराचा तुकडा आला असता. विंडोज २००० बरोबर आलेला, र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला 'मंगल' टंक पडद्यांवर स्थिरावू लागला तेव्हा ही स्थिती पालटू लागली.

मात्र मूळ अडचण आजही तशीच आहे, आणि ती आपल्यासारख्या दोन भाषांच्या नियतकालिकाला अधिक जाणवते. गोव्यात कोंकणी देवनागरीत लिहिली जाते तशी रोमन लिपीतही लिहिली जाते. एकाच पानावर दोन्ही लिप्या मांडावयाच्या असतील तर लेखक शैलीपत्रकात टंकांची नावे ओळीने देतो. पहिला बहुधा रोमन, दुसरा देवनागरी. ई-एक्स आणि 'शून्य' या रोमन अंकाच्या रुंदीवर आधारलेले 'सीएच' ही दोन्ही मापे, नियमानुसार, त्या यादीतील पहिल्या उपलब्ध टंकावरून काढली जातात; परिच्छेदात त्या टंकाचे एकही अक्षर नसले तरी. इंटरनेट एक्सप्लोररने तर शून्याच्या दोन्ही बाजूंची मोकळी जागा सोडून नुसता आकडाच मोजला होता, ते निराळेच. साठ सीएचांची ओळ म्हटली की रोमन कोंकणीत साधारण किती अक्षरे मावतील याचा अंदाज करता येतो. तीच ओळ देवनागरी मजकुराला लावली तर ती साठ रोमन शून्यांएवढी रुंद असते, इतकेच तिच्याविषयी म्हणता येते. 'राष्ट्र'सारखा शब्द तिच्यात किती वेळा बसेल याचा त्या मापाशी काही संबंध नाही. चिनी, जपानी व कोरियन लिपींसाठी प्रमाणकर्त्यांनी 'आयसी' नावाचे माप दिले आहे. ते पाणी या अर्थाच्या चिनी अक्षराच्या रुंदीवरून ठरते. शिरोरेखेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची मोजणारे, देवनागरीच्या अंगावरून घेतलेले माप सीएसएसच्या यादीत नाही.